तेलाचा उजेड

दिवाळीत पणत्यांचे कौतुक सगळेच करतात. तेलाचे कौतुक करणारा मला अजून भेटायचा आहे. ज्योत कशी लवते, तिच्या उजेडात तुळशीवृंदावन कसे खुलते, यावर दर वर्षी पानेच्या पाने लिहिली जातात. तेल बिचारे वातीखाली निमूट पडून असते, आणि ते संपत आले की मगच घरातल्या कोणाला तरी त्याची आठवण होते. आमच्या घरी लहानपणी पणत्यांत तेल घालीत फिरण्याचे काम माझ्याकडे असे. दिवे लावण्याचा मान थोरल्या भावाचा, फुलबाज्यांचा हक्क बहिणींचा, आणि तेलाची बुधली माझी. त्यामुळे असेल कदाचित, पण तेलाविषयी मला एक प्रकारचा आपलेपणा वाटत आला आहे.

आकाशाकडे पाहतानाही आपण असेच वागतो. व्याध किती तेजस्वी, कृत्तिकांचा पुंजका किती देखणा, हे आपण एकमेकांना दाखवतो. म्हणजे ज्योती तेवढ्या मोजतो. पण तारा पेटतो तो कशावर? हायड्रोजनवर. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन खर्ची घालून त्याचे हेलियम करतो, आणि त्या खर्चातून आपल्या अंगणात ऊन पडते. हायड्रोजन हे आकाशातले तेल आहे. विश्वातल्या साध्या द्रव्याचा, वजनाने पाहिले तर, सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्याचाच आहे. एके काळी तर दुसरे जवळजवळ काही नव्हतेच. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. जन्मानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी पहिले अणू जमले, आणि पहिले तारे पेटले ते त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी. मधल्या सगळ्या काळात एकही दिवा लागलेला नव्हता. होते ते नुसते तेल, चहूकडे पसरलेले. हायड्रोजन, आणि सोबत थोडे हेलियम.

त्या काळाचे काही कळायचे कसे? दिव्याचा उजेड लांबून दिसतो. न पेटलेल्या तेलाला कुठला आला आहे उजेड?

पण असतो, अगदी थोडा, पण असतो. हे मला माझ्या पुतणीने सांगितले. माझा थोरला भाऊ नारायणगावजवळ द्राक्षे लावतो. त्याची ही मुलगी लहानपणी बागेच्या बांधावरून लांबवरच्या पांढऱ्या थाळ्या पाहत मोठी झाली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या थाळ्या. एकेक थाळी ४५ मीटर व्यासाची, अशा एकूण ३०. त्यांपैकी १४ खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने उभ्या आहेत, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या आहेत. गावातली इतर मुले त्यांकडे पाहून कंटाळली, तशी ही कंटाळली नाही. पुढे पुण्याला जाऊन तिने हाच विषय घेतला आणि सहा वर्षे त्यातच घालवली.

एका सुट्टीत मी तिला माझा तेलाचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “काका, हायड्रोजन पुष्कळ सुरांत बोलतो. त्यातले दोन तुम्हांला सांगते. एक मोठा आणि एक अगदी बारीक.”

मोठा सूर म्हणजे लायमन-आल्फा. हार्वर्डचे थिओडोर लायमन यांनी १९०६ साली तो प्रयोगशाळेत हुडकला. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून सर्वांत खालच्या पायरीवर उतरला की हा प्रकाश बाहेर पडतो. तो जंबुपार असतो, डोळ्यांना दिसत नाही; त्याच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे आठ-हजाराव्या भागाएवढी. हा प्रकाश भरपूर असतो, पण त्यात एक खोच आहे. इलेक्ट्रॉनला आधी वर चढवायला जवळपास कोणीतरी तापलेला तरुण तारा लागतो. म्हणजे हे तेल चमकते खरे, पण शेजारी ज्योत आहे म्हणून चमकते. शिवाय वाटेत जो थंड हायड्रोजन पसरलेला असतो, तो नेमका हाच प्रकाश अडवतो आणि भलतीकडे उधळून देतो. दाट धुक्यात मोटारीच्या दिव्यांचे होते तसे. म्हणूनच २०२५ साली वेब दुर्बिणीने टिपलेल्या एका दीर्घिकेची बातमी आली तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. विश्व अवघे ३३ कोटी वर्षांचे असताना निघालेला लायमन-आल्फा प्रकाश त्या धुक्यातून वाट काढून आपल्यापर्यंत आला होता. त्या दीर्घिकेने आपल्याभोवतीचे धुके तेवढ्यापुरते तरी विरळ केले असले पाहिजे.

बारीक सूर याच्याहून निराळा. त्याला ज्योत लागत नाही. अणूतला प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन भोवऱ्यांसारखे आहेत अशी कल्पना करा. दोघांचा कल एकाच बाजूला असला तर अणूजवळ किंचित जास्त ऊर्जा असते, आणि उलट बाजूंना असला तर किंचित कमी. कधीतरी इलेक्ट्रॉनचा भोवरा आपण होऊन उलटतो, आणि ती इवलीशी उरलेली ऊर्जा रेडिओलहर होऊन निघून जाते. तिची लांबी २१ सेंटिमीटर. आपल्या वितीएवढी म्हणा ना.

“कधीतरी म्हणजे केव्हा?” मी विचारले.

“एकट्या अणूचं म्हणाल तर सरासरी एक कोटी दहा लाख वर्षांतून एकदा.”

मी हसलो. ती हसली नाही. “पण अणू किती आहेत, ते नाही विचारलंत,” ती म्हणाली.

हा सूर आधी ऐकू आला नाही. आधी तो कागदावर सापडला. १९४४ साली हॉलंड जर्मन फौजांच्या ताब्यात होते. लायडनच्या वेधशाळेतले यान ओर्ट यांनी हेंड्रिक फान द हुल्स्ट नावाच्या एका विद्यार्थ्याला आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींत एखादी ठरावीक लांबीची लहर मिळेल का, याचा विचार करायला सांगितले. त्या मुलाने हायड्रोजनच्या या २१ सेंटिमीटरच्या लहरीचे उत्तर आणले. बाहेर युद्ध चाललेले, खाण्यापिण्याचे हाल, आणि इथे एक विद्यार्थी कोटी वर्षांतून एकदा उलटणाऱ्या भोवऱ्याचे गणित करतो आहे! हे वाचल्यापासून मला त्या मुलाविषयी फार माया वाटते.

लहर प्रत्यक्ष हाती लागली ती सात वर्षांनी, २५ मार्च १९५१ रोजी, अमेरिकेत. हॅरॉल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्लायवूडचे एक मोठे कर्णे बनवले, त्याला आतून तांब्याचा पत्रा मारला आणि ते हार्वर्डच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून आकाशाकडे रोखले. त्यासाठी मिळालेले अनुदान होते ५०० डॉलर. पाऊस आला की पाणी कर्ण्यातून थेट प्रयोगशाळेत यायचे, आणि हिवाळ्यात विद्यार्थी येता-जाता त्यात बर्फाचे गोळे फेकायचे. गंमत अशी की, त्या इमारतीचे नाव होते लायमन प्रयोगशाळा. मोठा सूर ज्याने ऐकला, त्याच्या नावाच्या घरातून बारीक सूर ऐकला गेला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीतही तो ऐकू आला.

सिडनीत ते काम करणाऱ्यांपैकी एक होते क्रिस्टियनसेन. सूर्याचा वेध घेण्यासाठी त्यांनी तिथे सहा-सहा फुटांच्या ३२ थाळ्यांची रांग उभी केली होती. भारतातून तिथे शिकायला गेलेला एक तरुण या मंडळींत काम करीत होता. त्याचे नाव गोविंद स्वरूप. पुढे त्या थाळ्या तिथल्या कामातून निघाल्या तेव्हा त्या भारताला मिळाल्या, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या स्वरूपांनी १९६५ साली त्या कुठे उभ्या केल्या असतील? आपल्या कल्याणला! आज लोकलच्या गर्दीत कल्याणचे नाव ऐकून कोणाला हे खरे वाटणार नाही. १९७० साली त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. आणि मग त्यांच्या मनात खोडद आले.

खोडदची दुर्बीण बांधण्यामागे जे मोठे हेतू होते, त्यांत एक होता हा तेलाचा शोध. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे लांबून निघालेली लहर वाटेत ताणली जाते. जितकी जुनी, तितकी लांब. २१ सेंटिमीटरची लहर आठशे कोटी वर्षांच्या प्रवासात दुप्पट होऊन येते. पहिल्या ताऱ्यांच्या काळातली तर तीन मीटरपर्यंत लांबते. अशा लांब लहरी पकडायच्या म्हणजे प्रचंड थाळ्या हव्यात, आणि आपल्याकडे पैसा बेताचा. स्वरूपांनी थाळीला भरीव पत्रा न लावता स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवली. वजन घटले, वारा आरपार जाऊ लागला, खर्च आटोक्यात आला.

जागा निवडली तीही शांतता पाहून. नारायणगावचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते तमाशासाठी. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. ढोलकीच्या या गावाच्या शेजारी जगातले सर्वांत हळू बोलणे ऐकण्याचे ठिकाण असावे, याची मला नेहमी मौज वाटते. अर्थात रेडिओदुर्बिणीला ढोलकीचा त्रास नाही. तिला त्रास आहे तो भ्रमणध्वनीचा, विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा, मोटारींचा, कारखान्यांचा. पहिल्या ताऱ्यांच्या काळातला सूर ताणला जाऊन नेमका १०१ मेगाहर्ट्‌झच्या आसपास येतो, म्हणजे एफ. एम.च्या पट्ट्याच्या बरोबर पोटात. आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात सकाळी जिथे गाणी लागतात, तिथेच कुठेतरी विश्वाचे पहिले तेल कुजबुजत असते. आणि हे सगळे आवाज बंद केले तरी आपल्या स्वतःच्या आकाशगंगेचा रेडिओ-गोंगाट उरतोच. तो त्या कुजबुजीच्या दहा हजारपट मोठा असतो.

पुतणीचे सहा वर्षांचे काम या कुजबुजीचे होते. रात्रीमागून रात्री गोळा केलेल्या नोंदींतून ती गोंगाट वेगळा काढीत बसे. कुठली ठिणगी कुठल्या खांबावरची, हेसुद्धा शोधावे लागे. शेवटी प्रबंध पुरा झाला आणि ती घरी आली. जेवताना वहिनींनी सरळ विचारले, “मग? आलं का ऐकू?”

“नाही आलं, आई.”

“सहा वर्षांत काहीच नाही?”

“काहीच नाही असं नाही. सूर असलाच तर तो अमुक एवढ्याहून मोठा नाही, एवढं आता सांगता येतं.”

वहिनी गप्प झाल्या. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते. मुलगी एकोणतीस वर्षांची झाली होती. बरोबरीच्या मैत्रिणी हिंजवडीला कंपन्यांत लागून घरे घेऊन बसल्या होत्या. तिलाही तशी एक नोकरी चालून आली होती, आणि महिन्याच्या आत उत्तर द्यायचे होते. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात तीन वर्षांचे काम मिळत होते, याच कुजबुजीचे. “भावजी, तुम्हीच सांगा हिला,” वहिनी मला म्हणाल्या. “याचा उपयोग काय?”

मला उत्तर सुचले नाही. उत्तर दिले ते दादाने. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, “वरच्या वावरात आपण बोअर मारली, तीनशे फूट. कोरडी गेली. पैसे गेलेच. पण शेजाऱ्यानं तिथं पुन्हा नाही मारली. तो ओढ्याकडं सरकला आणि त्याला लागलं. तीनशे फुटांपर्यंत पाणी नाही, हे कुणीतरी भोक पाडल्याशिवाय कळतं का?”

मी पुष्कळ विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. शास्त्रातल्या नकाराची किंमत इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेली मला आठवत नाही. खोडदच्या दुर्बिणीवरून अशा कोरड्या बोअरींचे हिशेब २०११ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेले आहेत. विश्व सुमारे ६० कोटी वर्षांचे असताना त्यातल्या हायड्रोजनचा सूर किती मोठा असू शकत नाही, हे त्यांनी जगाला सांगितले. आणि कधी कधी हा नकार दुसऱ्याचा होकार तपासायलाही लागतो. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या वैराण भागात जेवणाच्या टेबलाएवढ्या एका यंत्राने ७८ मेगाहर्ट्‌झजवळ एक खूण टिपल्याची बातमी आली. पहिले तारे पेटले तेव्हा सभोवतालच्या हायड्रोजनने मागून येणारा थोडा प्रकाश गिळला, त्याची ती खूण असावी, असे म्हणत होते. जगभर आनंद झाला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या मंडळींनी आपले यंत्र तराफ्यावर चढवले आणि २०२० साली कर्नाटकातल्या एका तलावात व शरावतीच्या धरणाच्या फुगवट्यावर तरंगत ठेवले, का तर खाली सगळीकडे सारखे पाणी असले म्हणजे जमिनीचा घोटाळा येत नाही. २०२२ साली त्यांनी सांगितले की, ती खूण आम्हांला दिसत नाही. आनंद ओसरला, पण शोध एक पाऊल खऱ्याच्या जवळ गेला.

आता तेल मुळीच हाती लागले नाही असेही नाही. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या थाळ्या सुमारे शंभर तास आकाशाच्या काही तुकड्यांवर रोखल्या. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेचा सूर एकटा ऐकू येण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे सूर एकावर एक रचले, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक सूर स्पष्ट उमटला. त्यावरून कळले ते असे : त्या काळी दीर्घिकांत ताऱ्यांपेक्षा हायड्रोजनच जास्त होता, पण तारे इतक्या झपाट्याने पेटत होते की बाहेरून नवा पुरवठा झाला नाही तर तो शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपावा. पुरवठा पुरेसा झाला नाही. विश्वात नवे तारे पेटण्याचा वेग पुढे जो मंदावत गेला, त्याचे कारण हे असावे. दिवे मंदावले, कारण बुधली रिकामी होत चालली होती.

हा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला ऑक्टोबर २०२० मध्ये. गोविंद स्वरूप पुण्यात वारले ते ७ सप्टेंबर २०२० रोजी; जेमतेम सव्वा महिना आधी. ज्या माणसाने या सुरासाठी थाळ्या उभ्या केल्या, तो ती छापील पाने पाहायला नव्हता. मला आधी याचे वाईट वाटले. मग वाटले, या विषयाची रीतच ही दिसते. हॉलंडमधल्या विद्यार्थ्याने विचारले, हार्वर्डच्या खिडकीतून दुसऱ्याने ऐकले. खोडदला एकाने विचारले, त्याच्या मुला-नातवंडांच्या वयाच्या लोकांनी ऐकले. आणि तेही अर्ध्याच वाटेवरचे. पहिल्या दिव्याआधीचे तेल अजून ऐकू यायचेच आहे. त्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,००० हून अधिक लहान अँटेनांचे एक रान उभे राहत आहे. त्या कामात भारतही भागीदार आहे.

पुतणी ऑस्ट्रेलियालाच गेली. वहिनी तिला पोचवायला मुंबईपर्यंत आल्या, विमानतळावर रडल्या नाहीत, परतीच्या मोटारीत मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या. “उपयोग काय” हा प्रश्न त्यांनी त्यानंतर कधी विचारलेला मी ऐकला नाही. तिकडचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. म्हणून संध्याकाळी दिवेलागणीला तिचा फोन येतो तेव्हा तिच्याकडे रात्र झालेली असते. वहिनी स्वयंपाकघरातला रेडिओ बंद करतात आणि फोन कानाला लावतात.

“आलं का गं काही ऐकू?”

“अजून नाही, आई.”

“बरं. जेवलीस का?”